प्रभुभोजनाला कोणी यायचं? समलैंगिकता, पाप, क्षमा आणि वचनाचा अधिकार

नानापेठकर

सर्वांना सलाम. हा धागा काढू की नको यात बरेच दिवस गेले. मी पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) पास्टरेट कमिटीवर, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीवर आहे. मंडळीचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे हार्मोनियम वाजवणारा एक तरुण आहे. संडे स्कूलपासून आमच्यातच वाढला, बाप्तिस्मा आणि दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची स्वतः कबुली देण्याचा विधी) इथेच झालं. त्याने घरी सांगितलं की तो समलैंगिक आहे. घरातली गोष्ट कोणीतरी बाहेर नेली आणि आठवडाभरात महिला मंडळापासून तरुण संघापर्यंत सगळ्यांना कळली. आता कमिटीकडे दोन मागण्या आल्यात: त्याने उपासनेत वाजवू नये, आणि त्याला प्रभुभोजन देऊ नये. त्याच्या आईने मला चर्चच्या जिन्यात गाठलं. तिने मागण्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "माझ्या मुलाचं तारण होईल ना?" तारण म्हणजे पापातून सुटका.

मला वचन वाकवायचं नाही. पण त्याला ज्या मापाने मोजायला निघालोय, त्या मापाने कमिटीवरच्या आम्हा सगळ्यांना मोजलं तर प्रभुभोजनाच्या टेबलापाशी किती जण उरतील, हेही विचारायचं आहे. पवित्र शास्त्राचा अधिकार मानणाऱ्याने इथे काय करावं? कृपया वचनं देऊन लिहा. त्या मुलाबद्दल वावगा शब्द नको.

दीपस्तंभ

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून उत्तरही आडपडदा न ठेवता देतो.

लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, करिंथकरांस पहिले पत्र ६:९, तीमथ्याला पहिले पत्र १:१०. समलैंगिक संबंधांचा उल्लेख जिथे येतो तिथे निषेधच येतो. लेवीय जुना करार आहे, त्यात डुकराचं मांसही वर्ज्य आहे, असं लगेच सांगितलं जातं. पण अन्नाचे निर्बंध उठल्याचं नवा करारच सांगतो, प्रेषितांची कृत्ये १० मध्ये पेत्राला दृष्टान्तात दिसलेली, सगळ्या प्राण्यांनी भरलेली चादर आठवा. पुढे १५व्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवरचा सुंतेचा भार काढला आणि जारकर्मापासून दूर राहण्याचा नियम कायम ठेवला. म्हणजे काय उठलं आणि काय राहिलं हे आपण आपल्या सोयीने ठरवलेलं नाही. मत्तय १९ मध्ये प्रभू येशू विवाहाबद्दल बोलताना थेट उत्पत्तीकडे जातो: नर व नारी, आणि ती दोघे एकदेह होतील.

क्षमा सर्वांना आहे. पण क्षमा आणि परवानगी या दोन गोष्टी आहेत. योहान ८ मध्ये प्रभूने व्यभिचारात धरलेल्या त्या स्त्रीला दंड केला नाही, आणि ह्यापुढे पाप करू नकोस असंही सांगितलं. यातलं पहिलं वाक्य ठेवून दुसरं गाळायचा अधिकार मला नाही.

त्या मुलाचा तिरस्कार मी करत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करीन, आणि हे मनापासून लिहितोय.

मोगरा

मी हिंदू, कोथरूडची. वादात पडायचं नाही, एक शंका आहे. प्रभुभोजन म्हणजे आमच्या प्रसादासारखं का? आणि ते कोणाला नाकारता येतं?

नानापेठकर

@मोगरा, छान विचारलंत. येशूने शेवटच्या रात्री शिष्यांबरोबर भाकर मोडली आणि प्याला दिला, त्याची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेतात. आमच्याकडे दृढीकरण झालेले लोक घेतात. करिंथकरांस पहिले पत्र ११:२८ म्हणतं, माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग खावं-प्यावं. परीक्षा स्वतःची करायची आहे, शेजारच्या बाकावरच्या माणसाची करा असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे म्हणत नाही. उघड आणि गंभीर पापासाठी मंडळीने एखाद्याला काही काळ दूर ठेवण्याची पद्धत जुनी आहे, त्यालाही त्याच पत्रातल्या ५व्या अध्यायाचा आधार आहे. पण मी कमिटीवर आल्यापासून कोणाबाबत तशी वेळ आलेली नाही. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्या एका सभासदाबाबतही आली नव्हती.

घोरपडीकर

शेवटच्या वाक्याला +१.

वसईकर

मी कॅथलिक. मूळ वसईचा, आता वडगाव शेरीत असतो. आमच्या चर्चची शिकवण लिहितो, कारण ती दोन्ही बाजूंनी अर्धीच सांगितली जाते.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातले परिच्छेद २३५७ ते २३५९ सलग वाचावे लागतात. पहिल्यात समलैंगिक कृत्यं निसर्गनियमाविरुद्ध म्हटली आहेत. दुसऱ्यात म्हटलंय की अशा व्यक्तींचा स्वीकार आदराने, करुणेने आणि हळुवारपणे व्हावा, अन्यायकारक भेदभावाचं चिन्हही दिसू नये. तिसऱ्यात त्यांना ब्रह्मचर्याचं पाचारण आहे. म्हणजे कल असणं पाप नाही, कृती पाप आहे, असा भेद चर्च करतं. २०१३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी जाहीरपणे सांगितलं की चर्चने समलैंगिकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. अशा विवाहाला त्यांचा विरोध होता आणि तोही त्यांनी लपवला नाही.

१८ डिसेंबर २०२३ ला पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने व्हॅटिकनने आणखी एक पाऊल टाकलं. अशी जोडपी आशीर्वाद मागायला आली तर फादर साधी प्रार्थना करून आशीर्वाद देऊ शकतात. मात्र तो विवाहविधी नाही, तसा भासही होता कामा नये. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी हे स्वीकारलं नाही. एकाच चर्चमध्ये एवढा फरक आहे.

माझी मावशी रोज माळ जपते. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "आशीर्वाद मागणारा देवाकडेच मागतोय ना?" मला याला उत्तर सुचलं नाही.

घोरपडीकर

अवांतर, पण उपयोगी. ज्या ३७७ कलमाला "भारतीय संस्कृतीचं रक्षण" म्हणायचे ते १८६० च्या दंडसंहितेतलं, इंग्रजांनी आणलेलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध कायमचे गुन्ह्यातून वगळले. विवाहाला मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिलेली नाही. त्यामुळे "उद्या चर्चमध्ये यांची लग्नं लावावी लागतील" ही भीती कोणी घालत असेल तर त्याला हा निकाल दाखवा. प्रश्न फक्त आपण आपल्या माणसाशी कसं वागतो एवढाच आहे.

अभ्यासू

मी धर्मशास्त्र शिकलो आहे. @दीपस्तंभ यांची मांडणी नीट आहे, तिला उत्तरही नीटच द्यायला हवं.

रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आपण २७व्या वचनापाशी थांबवतो. पुढे २९ आणि ३० मध्ये लोभ, हेवा, कलह, कानगोष्टी करणारे, निंदक, आईबापांची अवज्ञा करणारे, सगळे एका दमात येतात. आणि यादी ऐकून श्रोते माना डोलावत असतील तोवर २:१ येतं: दुसऱ्याला दोषी ठरवणाऱ्या, तुला सबब नाही. सगळी मांडणी त्या वळणासाठी आहे. या मुलाची घरातली गोष्ट ज्याने बाहेर नेली तोही त्याच यादीत आहे. त्याच्याविरुद्ध कमिटीकडे तक्रार आली का?

करिंथकरांस पत्र तर याहून जवळ येतं. ६:९ सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायाची १ ते ८ वचनं कोणी वाचून दाखवत नाही. त्यात पौल संतापलाय तो विश्वासणारे एकमेकांना कोर्टात खेचतात म्हणून. अन्याय का सोसत नाही, असं विचारतो. आपल्या मंडळ्यांच्या जमिनी, ट्रस्ट आणि निवडणुका यांचे खटले किती वर्षं चाललेत हे मराठी ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. दोन्ही बाजूंचे लोक रविवारी एकाच प्याल्यातून घेतात. ९वं वचन अधिकाराने लागू होतं आणि त्याआधीची आठ वचनं होत नाहीत, हे कोणत्या नियमाने?

आणि सदोम, देवाने पापासाठी नष्ट केलेलं शहर. त्याच्या पापाचा आळ नेहमी समलैंगिकांवर येतो. यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा दोष सांगितलाय तो गर्व, अन्नाची रेलचेल, सुस्त स्वास्थ्य, आणि गरिबाला हात न देणं हा. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख आहे आणि यहूदाचं पत्रही सदोमच्या जारकर्माबद्दल बोलतं, तेही सांगायला हवं. पण उत्पत्ती १९ मध्ये जमाव दारात येतो तो पाहुण्यांवर बळजबरी करायला.

दीपस्तंभ

@अभ्यासू, कोर्टकचेरीबद्दलचं मान्य, शंभर टक्के. पण त्याचा अर्थ ती आठ वचनं लागू करायला शिका असा होतो, नववं सोडून द्या असा नाही. रोगी जास्त आहेत म्हणून औषध फेकून देत नाहीत.

अभ्यासू

मान्य. मग आधी कोणापासून सुरुवात करायची ते ठरवू. ज्यांच्या हाती खटले आणि खुर्च्या आहेत त्यांच्यापासून, की हार्मोनियमवाल्या पोरापासून?

योहान ८ बद्दलही एक लिहायचं राहिलं. दोन्ही बाजू हमखास वापरतात तो हा उतारा (७:५३ ते ८:११) सगळ्यात जुन्या ग्रीक हस्तलिखितांमध्ये नाही. बहुतेक बायबलांत तशी टीप असते. तरीही मंडळीने तो गाळला नाही, शतकानुशतकं वाचला, आणि तिथे येशूचाच आवाज ओळखला. वचनाचा अधिकार मंडळीपर्यंत कसा पोचतो हे यातून दिसतं. अभ्यास लागतो, आणि एकत्र बसून ऐकणंही लागतं.

सायकलवाला

पुण्यात पाप, प्रायश्चित्त आणि भाकर-पाणी हा विषय निघाला आणि पंचहौद आठवलं नाही, असं होणार नाही. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळी गेली, तिथे चहा-बिस्किटं समोर आली, आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढे घेतलं. एका कपावरून घरंच्या घरं वाळीत पडायची वेळ आली होती. ते चर्च आजही गुरुवार पेठेत आहे, मी रोज तिथून जातो.

कोणाबरोबर खायचं-प्यायचं यावरून माणसं तोडणं आपल्या शहराला नवीन नाही.

मोगरा

हे शाळेत शिकवलं होतं! धागा शंभरी गाठणार असं दिसतंय, मी चहा टाकते. सगळ्यांना चालेल ना? :)

वसईकर

चालेल. बिस्किटंही आणा :)

केडगाव लोकल

इतिहास निघालाच आहे तर पंडिता रमाबाईही येऊ द्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि थोड्याच काळात तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद सुरू झाले. भटांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं मानेवर घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी देवाचं वचन मानलं, पण त्या वचनाचा अमुक माणसाने लावलेला अर्थ डोळे मिटून घेतला नाही. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, छापून आलं १९२४ मध्ये. खिळे जुळवणं, छपाई, बांधणी त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केली. त्यांतल्या कित्येकींना समाजाने टाकलेलं होतं.

वचनाचा अधिकार आणि वचन सांगणाऱ्याचा अधिकार, यांत अंतर ठेवायला त्यांनी आपल्याला शिकवलं.

दीपस्तंभ

@केडगाव लोकल, रमाबाईंबद्दल आदर आहेच. पण त्या वचनापासून तसूभर हलल्या नाहीत, हेही लक्षात घ्या. स्वतः वाचणं वेगळं, हवं ते वाचणं वेगळं.

खडकीची

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहिते.

माझ्या पहिल्या नवऱ्याला लहानपणापासून माहीत होतं. घरच्यांनाही माहीत होतं. त्यांच्या पाळकांनी उपास-प्रार्थना सांगितली, मग सांगितलं लग्न लावा, बायको आली की सुटेल. ती बायको मी. मला कोणी काही सांगितलं नाही. तो वाईट नव्हता. रात्री खाटेच्या कडेला पाठ करून बसायचा आणि हळू आवाजात स्तोत्र ५१, पापाच्या क्षमेची याचना, म्हणायचा. मी जागी आहे हे त्याला कळायचं, मला त्याचं रडणं कळायचं, आणि आम्ही दोघं गप्प. मला वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे.

शेवटी परस्पर संमतीने घटस्फोट झाला. आपल्यासाठी तीही सोय २००१ च्या दुरुस्तीनंतरची. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात तोवर नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरायचं, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रूरपणा नाहीतर त्याने टाकून दिल्याचंही सिद्ध करावं लागायचं. काही वर्षांनी माझं दुसरं लग्न झालं, चर्चमध्ये, त्याच वेदीसमोर. लोकांनी आनंदाने अक्षता टाकल्या. मी प्रभुभोजन घेते, एकाही माणसाने हरकत घेतलेली नाही.

मत्तय १९:९ मध्ये घटस्फोट आणि पुनर्विवाहाबद्दल प्रभूचे स्वतःच्या तोंडचे शब्द आहेत, आणि फार कडक आहेत. समलैंगिकतेबद्दल चारही शुभवर्तमानांत त्याचा थेट एक शब्द नाही. मंडळीने मला जवळ घेतलं आणि माझ्या पहिल्या नवऱ्याला घालवलं. तो आता कुठल्याच चर्चला जात नाही.

@दीपस्तंभ, तुम्ही मला प्रभुभोजन नाकाराल का? राग नाही, खरंच विचारते आहे.

घोरपडीकर

ताई, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. बाकीच्यांना विनंती, यावर घाईने प्रतिसाद देऊ नका.

उंबरठा

मी समलैंगिक आहे, ख्रिस्ती आहे, पुण्यातच राहतो.

खडकीच्या ताईंनी लिहिलेल्या माणसाच्या जागी मीही असतो. मलाही "सुटकेच्या" प्रार्थनेला नेलं होतं. डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्याने आत्मा हाकलत होते, आणि मी मनात म्हणत होतो, प्रभू, यांना दुखवू नको, यांना वाटतंय हे माझ्या भल्याचं आहे. ज्या अमेरिकी संस्थेने "प्रार्थनेने बदल होतो" हे जगभर पसरवलं, ती एक्झोडस इंटरनॅशनल २०१३ मध्ये स्वतःहून बंद झाली आणि तिच्या अध्यक्षाने माफी मागितली. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे "बदलण्याचे" उपचार बंद करायला सांगितलं. आपल्या प्रार्थनासभांपर्यंत हे अजून पोचलेलं नाही.

दीपस्तंभ दादा, तुम्ही म्हणाल, मग एकट्याने राहा. मी राहतोय. कुणी लादलं म्हणून नाही, सध्या माझ्या विवेकाला ते पटतंय म्हणून. पण करिंथकरांस पहिले पत्र ७:७ म्हणतं की प्रत्येकाला आपापलं कृपादान असतं, आणि ९ म्हणतं संयम नसेल तर लग्न करावं, जळण्यापेक्षा ते बरं. बाकी सगळ्यांसाठी ब्रह्मचर्य हे दान आहे. आमच्यासाठी ते सक्तीचं होतं आणि वर ते निभवायला आम्हाला एकटं सोडलं जातं. दोन-तीन रविवार मी आलो नाही तर एकही फोन येत नाही. ब्रह्मचर्य मागणाऱ्या मंडळीने रविवारी दुपारी जेवायला तरी बोलवावं.

मला धरून ठेवणारं वचन सांगतो. अनुवाद २३:१ षंढाला देवाच्या मंडळीत यायला मनाई करतं. यशया ५६ त्याच षंढाला देवाच्या घरात मुला-मुलींहून चांगलं नाव देण्याचं वचन देतं. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये हबशी षंढ फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प नियम काढून दाखवत नाही, रथातून उतरून त्याच्याबरोबर पाण्यात जातो.

दीपस्तंभ

दोन दिवस लिहिलं नाही. विचार करत होतो.

@खडकीची, नाही, मी तुम्हाला नाकारणार नाही. तुमची फसवणूक झाली होती, तिथे दोष तुमचा नव्हता. पण तुमचा प्रश्न तिथे संपत नाही हे मला कळतं. आमच्या मंडळीत इतर कारणांनी झालेले घटस्फोट आणि पुनर्विवाह आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणालाही मी वचन काढून दाखवलेलं नाही.

@उंबरठा, षंढ ही स्थिती आहे, कृती नाही, म्हणून त्या तीन उताऱ्यांवरून तुम्ही काढता तो निष्कर्ष मला पटत नाही. विवाहाबद्दलची शिकवण मी बदलू शकत नाही. मात्र तुम्ही जे एकट्याने चालवलंय ते माझ्याकडून कोणी मागितलेलं नाही. जेवणाचं तुम्ही लिहिलंत ते माझ्या घराला लागू आहे. व्यक्तिगत निरोप केला आहे, बघा.

पूर्वाश्रमीचा

मी चर्च सोडलं. सगळं वाचलं. मी सोडलं तेव्हा असं बोलणारे चार जण जरी असते तरी बरं झालं असतं, एवढंच.

अभ्यासू

@नानापेठकर, कमिटीसाठी एक कागद सुचवतो. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) बिशपांच्या १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेचा ठराव १.१०. उत्तर भारतीय चर्च (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) त्या जागतिक परिवारात आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कोणालाही तो परका वाटायला नको. तो ठराव पुराणमतवादी म्हणूनच ओळखला जातो. समलैंगिक आचरण शास्त्राशी विसंगत आहे असं तो स्पष्ट म्हणतो. आणि त्याच ठरावात आहे की बाप्तिस्मा घेतलेले, विश्वास ठेवणारे सगळे, त्यांचा कल कोणताही असो, ख्रिस्ताच्या शरीराचे पूर्ण सभासद आहेत, आणि समलैंगिक व्यक्तींचे अनुभव ऐकून घ्यायला आम्ही बांधील आहोत. तुमच्या मंडळीतल्या त्या मुलाने कोणतंही कृत्य कबूल केलेलं नाही, आपण कोण आहोत एवढंच घरी सांगितलंय. म्हणजे सगळ्यात कडक भूमिका घेतली तरी प्रभुभोजन रोखायला आधार सापडत नाही.

नानापेठकर

धागा वाचून काही गोष्टी केल्या, त्या कळवतो.

पाळकसाहेबांना अभ्यासूंचा मुद्दा सांगितला. त्यांनी ठाम सांगितलं की प्रभुभोजन तक्रारीवरून बंद होत नाही, आणि हे ते स्वतः मंडळीला सांगतील. तो प्रश्न मिटला. वाजवण्याबद्दल कमिटीत अजून एकमत नाही. काही जण म्हणतात, थोडे महिने थांबू दे, वातावरण निवळेल.

त्याच्या आईकडेही गेलो. तारणाच्या प्रश्नाला मी माझं मत दिलं नाही, रोमकरांस ८ मधली शेवटची दोन वचनं वाचली. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळं करू शकणार नाही, असं पौल म्हणतो आणि त्यात मरण, जीवन, देवदूत, उंची, खोली सगळं घालतो. त्या म्हणाल्या, "यात माझ्या पोराचं काही घातलेलं दिसत नाही." मी म्हटलं, वेगळं करू न शकणाऱ्या गोष्टींची यादी आहे ताई, आणि पौलाने ती "दुसरी कोणतीही सृष्ट वस्तू" म्हणून उघडी ठेवलीय. मग त्यांनी ते वचन माझ्याकडून लिहून घेतलं.

खडकीची

"थोडे महिने थांबू दे" याला माझा विरोध. मलाही असंच थांबायला सांगत होते. थांबणाऱ्याला कोणी परत बोलवत नाही.

दीपस्तंभ

मंडळीसमोर शिकवणाऱ्याला अटी असाव्यात असं माझं मत आहे, आणि वाजवणाराही सेवेतच असतो. पण अट लावायची तर ती सगळ्यांना लावा आणि लेखी लावा. एकट्या या मुलासाठी केलेली अट मला मान्य नाही.

उंबरठा

आणि काहीही ठरवण्याआधी त्याला विचारा. अख्ख्या धाग्यात आपण त्याच्याबद्दल बोललो, त्याला काय हवंय हे अजून कोणालाच माहीत नाही.

नानापेठकर

@उंबरठा, विचारतो. बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. त्याची इच्छा असेल तर त्यालाही बोलावणार. @दीपस्तंभ, "सगळ्यांना आणि लेखी" हे तुमच्याच शब्दांत मांडणार आहे, कमिटीतल्या जुन्या लोकांना तुमची बाजू जवळची वाटेल. आणि कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे असलेले आमचे दोन सभासदही त्या बैठकीला असतील, त्यामुळे करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाची पहिली आठ वचनं मी आधी वाचणार.